वय नऊ ते नव्वद

सकाळचे नऊ चाळीस. शटर कमरेपर्यंत वर गेलेलं, आतले दिवे अजून लागायचे होते, आणि चिठ्ठीताई दारापाशी ठेंगण्या स्टुलावर बसून फडक्याने पुस्तकं पुसत होत्या. दुकानात कप्पे पुष्कळ, पण सकाळी त्यांचा हात पहिल्यांदा या दारापाशीच्या कप्प्याला लागतो. त्याच्या कडेला चिकटपट्टीने लावलेल्या चिठ्ठ्या पंखा सुरू झाला की एकदम फडफडायला लागतात. म्हणून ताई आधी एकेक चिठ्ठी अंगठ्याने दाबून घेतात.

चिठ्ठ्या म्हणजे पार्सलच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून केलेले तुकडे. हिरवी शाई, दोन ओळी, खाली वय. "यातला कुत्रा मरत नाही. वय सात ते बारा, आणि कुत्रा पाळलेले सगळे." "पहिली चाळीस पानं कंटाळवाणी आहेत, सोसा. वय अठराच्या पुढे." "घरात भांडण झाल्यावर आतल्या खोलीत जाऊन वाचण्यासाठी. वय लग्न झाल्यापासून." लोक या चिठ्ठ्या वाचायला म्हणून दुकानात शिरतात आणि बरेचदा पुस्तक घेऊनच बाहेर पडतात. ताईंचं खरं नाव गिऱ्हाइकांपैकी कोणाला माहीत नाही. पोरांनी चिठ्ठीताई म्हणायला सुरुवात केली आणि हळूहळू म्हातारेही तेच म्हणायला लागले.

दुकान वहिनींचं. त्या गल्ल्यावर बसतात. "मी पुस्तकाची फक्त किंमत वाचते," असं त्या स्वतःच सांगतात, आणि ते खरं आहे. पण सासऱ्यांनी, म्हणजे थोरल्या मालकांनी, घालून दिलेला एक नियम त्यांनी तसाच ठेवला आहे: शेवटचं पान वाचल्याशिवाय चिठ्ठी लावायची नाही. थोरले मालक तर चिठ्ठी लावणाऱ्याला समोर उभं करून शेवट विचारायचे. ताई दुकानात पार्सलं बांधायला म्हणून लागल्या, त्याला आता बावीस वर्षं झाली. पहिली चिठ्ठी लावली तेव्हा मालकांनी त्यांनाही विचारलं होतं. ताईंनी शेवट सांगितला, वर शेवटून तिसऱ्या पानावर छपाईची चूक आहे तीही सांगितली. त्या दिवसापासून त्यांचं पार्सल बांधणं सुटलं.

गिऱ्हाइकाला काय आवडतं, हे ताई कधी विचारत नाहीत. आवडीचं विचारलं की माणूस भाव खातो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा प्रश्न एकच: "अर्धवट कुठलं सोडलंत? आणि कुठे सोडलंत?" ते सांगताना माणूस खोटं बोलत नाही. लढाई सुरू झाली तिथे सोडलं म्हणणाऱ्याला त्या एक देतात, प्रेमात पडले तिथे सोडलं म्हणणाऱ्याला दुसरं.

त्या सकाळी शटर पूर्ण वर गेल्यावर पहिली आली ती कडेवर पोर घेतलेली एक बाई.

"याच्यासाठी काहीतरी द्या हो. दीड वर्षाचा आहे."

"अर्धवट कुठलं सोडलंय त्याने?"

"सोडतोय कसला! खातो. मागचं पुस्तक कोपऱ्यापासून सुरू करून मधल्या हत्तीपर्यंत संपवलं."

"म्हणजे हत्ती आवडला नाही," ताई म्हणाल्या आणि कापडी पानांचं पुस्तक काढून दिलं. "हे धुता येतं. आणि पोटात गेलंच तर बाहेरही येतं."

गल्ल्यावरून वहिनी हसल्या. बाई गेली आणि तिच्या मागोमाग ते दोघं आत आले.

बाप निळ्या गणवेशात होता. खिशावर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं चिन्ह, आणि गळ्यात पिवळा पास. तो पास ताईंनी लांबूनच ओळखला. मोठ्या हॉस्पिटलात रोग्याजवळ थांबणाऱ्याला तो देतात. बरोबर दहाएक वर्षांची मुलगी. केस कानाजवळ कापलेले, हात पाठीमागे बांधलेले. तिने कप्प्यावरच्या चिठ्ठ्या डावीकडून वाचायला घेतल्या आणि एकही न गाळता शेवटपर्यंत गेली.

"हिला एखादं जाडसं पुस्तक द्या," बाप म्हणाला. "आज आणि उद्या बराच वेळ बसायचंय हिला. हिची आई ॲडमिट आहे. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. तसं छोटंच आहे."

शेवटचे तीन शब्द तो मुलीकडे बघून बोलला. ताईंनी मुलीला विचारलं, "अर्धवट कुठलं सोडलंस?"

"मी सोडत नाही. पण मला आधी सांगावं लागतं."

"काय?"

"शेवटी कोण असतं आणि कोण नसतं."

तिचं बोट एका चिठ्ठीवर होतं. "मामा अंगातल्या शर्टाला इस्त्री करतो ते पान बसमध्ये वाचू नये, लोक बघतात. वय नऊ ते नव्वद." खाली पिवळ्या वेष्टनाचं पुस्तक. एक मुलगी, सायकली दुरुस्त करणारी तिची आई, आणि घरात राहायला आलेला बिनकामाचा मामा. मध्यावर आईला दवाखान्यात न्यायला गाडी येते आणि घर मामाच्या हातात जातं.

ताईंनी ते थोडक्यात सांगितलं. मुलीने विचारलं, "आई परत येते ना?"

"येते की," ताई म्हणाल्या.

बापाने पैसे दिले. ताईंनी पुस्तकाला खाकी कागद घालून दिला, कारण हॉस्पिटलात पुस्तकाला डाग पडतात. ते त्यांना माहीत होतं.

आता जे सांगायचं ते त्या दुकानात तेव्हा ताईंखेरीज कोणालाच माहीत नव्हतं. ताईंनी ते पुस्तक गाडी येते तिथवरच वाचलं होतं.

गेल्या चौदा महिन्यांत त्यांनी एकही पुस्तक पुरं केलेलं नव्हतं. थोरली बहीण त्याच मोठ्या हॉस्पिटलात होती. ताई रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसून कादंबरी वाचून दाखवायच्या. लहानपणी याच बहिणीने त्यांना अंथरुणात वाचून दाखवून वाचनाची चटक लावली होती, त्याची ही परतफेड. एका संध्याकाळी बहीण म्हणाली, "शेवट सांगून टाक गं." ताई म्हणाल्या, "उद्या. आजच सांगितला तर उद्या काय करू?" ती कादंबरी अजून ताईंच्या घरी कपाटावर आहे, आत बसचं तिकीट खुणेला घातलेलं.

त्यानंतर कुठलंही पुस्तक हातात घेतलं की मध्याच्या पुढे कुठेतरी बोटं आपोआप ते मिटायची. डोळे दाखवून झाले, डोळ्यांत काही दोष नव्हता. बसडेपोत मेकॅनिक असलेला नवरा एकदा सहज म्हणाला, "तुझी खूण कधीची त्याच पानावर आहे. गाडी गिअरमध्ये पडत नाही वाटतं?" ताई हसल्या आणि विषय बदलला.

पण चिठ्ठ्या लागत राहिल्या. त्यासाठी ताईंनी एक युक्ती काढली होती. अर्धं पुस्तक वाचायचं, चिठ्ठी लावायची, आणि गिऱ्हाईक पुन्हा आलं की सहज विचारायचं, "शेवट कसा वाटला?" लोक भरभरून सांगतात. असे शेवट गोळा करून त्या पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायच्या. थोरले मालक असते तर पहिल्याच चिठ्ठीला पकडल्या गेल्या असत्या. वहिनींनी कधी विचारलं नाही.

पिवळ्या पुस्तकाचा शेवट अजून कोणी आणून दिलेला नव्हता. पण मामा इतका हसवत होता की आई परत आल्याशिवाय पुस्तक संपेल, असं ताईंच्या मनातही आलं नाही. मुलांच्या पुस्तकात आया परत येतात. निदान ज्यांचे शेवट त्यांनी वाचले होते त्यांत तरी आल्या होत्या.

दुपारी जेवणाचे डबे धुऊन ठेवले आणि पोस्टातले आजोबा आले. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी ते दुकानात शिरताना पायपुसण्यावर चपला दोनदा आपटतात. त्यांची बायको वर्षभर अंथरुणाला खिळलेली. त्यांची ताईंकडे कायमची मागणी असायची, "कोणी मरत नाही असं द्या. मरणाचं मी घरी बघतोय." चार दिवसांपूर्वी त्यांनी पिवळं पुस्तक नेलं होतं. "नऊ ते नव्वद म्हणजे मी बसतो," असं म्हणत.

"काय आजोबा," ताईंनी सवयीने विचारलं, "शेवट कसा वाटला?"

आजोबा खुर्चीवर बसले. काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरली.

"मला फसवलंत, ताई."

"का? मामा आवडला नाही?"

"मामा झकास आहे. आमची ही तर त्या इस्त्रीला इतकी हसली, की मला वाटलं हिला ठसका लागून भलतंच काही व्हायचं. पण ती बाई परत कुठे येते? पोर दाराशी सायकल घेऊन बसते आणि मामा येऊन सांगतो. मी मोठ्याने वाचत होतो. नजर पुढच्या ओळीवर गेली आणि माझी वाचाच बसली. ही डोळे मिटून म्हणते, वाचा की, ऐकतेय मी."

"मग?"

"मग काय! मी परत आणली तिला. मनाने रचून. गाडीतून उतरवली, हातात पिशवी दिली, दारातल्या सायकलीवरून मामाला दोन शब्द सुनावायला लावले. पोस्टात होतो तेव्हा लोकांना त्यांची पत्रं वाचून दाखवायचो. नको तसली पत्रंही असायची. कधी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं." त्यांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली. "तुम्ही वाचलं होतंत ना?"

"हो," ताई म्हणाल्या.

आजोबांनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग उठले. दाराशी पुन्हा चपला आपटल्या, जाताना त्यांनी त्या कधी आपटल्या नव्हत्या.

ताई कप्प्याशी गेल्या. पिवळ्या पुस्तकाची एक प्रत उरली होती. त्यांनी ती उघडली, पानं भराभर उलटली, आणि गाडी वळणावर दिसेनाशी होते त्या पानाशी बोटांनी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा त्या पुस्तक घेऊन गल्ल्यापाशी गेल्या.

"वहिनी, शेवटचं प्रकरण वाचा. मोठ्याने."

"मी? बरी आहेस ना तू?"

"वाचा हो. पाया पडते."

वहिनींनी चष्मा नाकावर सरकवला आणि बिल वाचावं तशा एका सुरात वाचायला सुरुवात केली. "मामा फाटकापाशी उभा होता. त्याने सदरा उलटा घातला होता. मी हसले. तो हसला नाही." इथवर वहिनींचा आवाज तसाच होता. पुढच्या तीन ओळींत तो हळू झाला, मग थांबला.

"अगं, ही तर गेली की," वहिनी म्हणाल्या. "आणि तू सकाळी त्या पोरीला काय सांगितलंस?"

ताईंनी पुस्तक त्यांच्या हातातून घेऊन मिटलं.

"तू वाचलेलं नाहीस हे."

"नाही."

वहिनींनी चष्मा काढला. "आणखी कुठली नाही वाचलीस?"

"माझी थोरली बहीण गेली तेव्हापासूनची सगळी."

वहिनी थोरल्या मालकांच्या वेळेपासून त्या खुर्चीत बसत होत्या, पण कप्प्याशी जाऊन चिठ्ठीला हात त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा लावला. चिकटपट्टी ओढली की पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलून निघत होता. "नवीन कुठल्या, जुन्या कुठल्या, ते मला कळायचं नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्याच काढते. तू उद्या दहाला ये, मग बोलू. आता कुठे निघालीस?"

"पुस्तक परत आणायला."

"विकलेला माल परत आणायला निघालेली दुकानदारीण मी पहिल्यांदाच बघतेय. जा. पळ. ती पोर वाचणारी दिसत होती."

ताईंना तीच धास्ती होती. चिठ्ठ्यांवरून फिरणारी मुलीची नजर त्यांनी पाहिली होती. ती सकाळपासून बाकावर बसली असेल तर मामाची इस्त्री कधीच मागे पडली असेल. त्यांनी खालच्या कप्प्यातून एक जुनं पुस्तक उचललं, पिशवीत टाकलं आणि निघाल्या.

हॉस्पिटलाच्या रस्त्याने त्या चौदा महिन्यांत गेल्या नव्हत्या. कामावर यायला लांबची बस धरायच्या. आज रिक्षा केली. फाटकावरच्या रखवालदाराने हात आडवा घातला.

"पेशंटचं नाव?"

"नाव माहीत नाही. उद्या ऑपरेशन आहे. यजमान लिफ्ट दुरुस्त करतात."

"मावशी, उद्या ऑपरेशन असलेले इथे वाटेल तेवढे आहेत. आणि लिफ्ट तर इथलीही बंद आहे, मिळाले तर पाठवा त्यांना." तो स्वतःच हसला. "भेटायची वेळ चारला. तिथे सावलीत बसा."

चारपर्यंत किती पानं होतील, याचा हिशेब ताईंच्या डोक्यात सुरू झाला होता. त्या फाटकापासून बाजूला झाल्या आणि इमारतीला वळसा घालून धोबीखान्याच्या मागच्या दाराशी गेल्या. बहिणीच्या वेळी डबा घेऊन त्या याच दाराने आत शिरायच्या. दार अजूनही बंद होत नव्हतं, विटेने अडकवून ठेवलेलं होतं. आत ओल्या चादरींचा आणि फिनेलचा तोच वास. ताईंनी पदर नाकाला लावला आणि जिना चढायला लागल्या.

शोधायचं कुठे, ते त्यांना ठाऊक होतं. बायकांचा शस्त्रक्रियेचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. लहान मुलांना वॉर्डात सोडत नाहीत, जिन्याच्या तोंडाशी एक लाकडी बाक आहे तिथे बसवतात. बहिणीची नात तिथेच बसायची.

मुलगी बाकावर मांडी घालून बसली होती. खाकी कागद घातलेलं पुस्तक मांडीवर मिटलेलं, आत बोट. ताई धापा टाकत तिच्या शेजारी बसल्या.

"तुम्ही दुकानातल्या ना?"

"हो. कुठवर आलीस?"

"गाडी आली आणि आईला नेलं. तिथे." तिने बोट थोडं हलवलं. "मग मिटलं."

ताईंनी डोळे क्षणभर बंद केले. "बरं झालं. अगं, हे पुस्तक बदलायला आलेय मी. यात पुढची पानं कोरी आलीत. छापखान्याची चूक. हे घे दुसरं, छान आहे."

मुलीने पुस्तक उघडून अंगठ्याने पानं फुर्रकन सोडली. "कोरं कुठाय? सगळं आहे की."

ताईंचा हात पुस्तकावर पडला. जरा जोरातच. मुलीने त्या हाताकडे पाहिलं, मग ताईंकडे.

"ती परत येत नाही ना?"

जिन्यावरून कोणीतरी ऑक्सिजनचं नळकांडं पायरी पायरीने खाली नेत होतं. प्रत्येक पायरीला ठण आवाज. तो खालच्या मजल्यावर जाईपर्यंत ताईंना दुसरं खोटं सुचलं नाही.

"तुम्ही म्हणालात येते."

"मी पुढचं वाचलं नव्हतं."

"चिठ्ठी तुमचीच होती."

"हो."

"तुम्ही कुठे सोडलंत?"

बावीस वर्षं हा प्रश्न त्या दुसऱ्यांना विचारत आल्या होत्या. "तू सोडलंस तिथेच," त्या म्हणाल्या.

"का?"

पुढचं बोलायचं नाही, असं ताईंनी जिना चढतानाच ठरवलं होतं. या मजल्यावर, या बाकावर तर नाहीच. पण मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि शेवटी तिने नजर वळवून वॉर्डाच्या दाराकडे नेली.

"बाबा म्हणतात छोटं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "छोटं असतं ना, तर त्यांनी चॉकलेट आणलं असतं. आजी गेली तेव्हाही त्यांनी मला पुस्तक आणलं होतं."

बाप तेवढ्यात बाहेर आला. हातात औषधांची पिशवी. ताईंना पाहून त्याचा गोंधळ झाला, मग मुलीचा चेहरा पाहून गोंधळ गेला.

"काय झालं? तुम्ही इथे कशा?"

ताईंनी सांगितलं. सगळं, न सजवता. पुस्तक, चिठ्ठी, आजोबा. बाप ऐकत उभा राहिला. आवाज चढवला नाही, वॉर्ड जवळ होता.

"मी आठवडाभर हिच्यापुढे एक शब्द काढला नव्हता," तो म्हणाला. "हिच्या आईनेच बजावलंय मला. आणि तुम्ही येऊन..."

"बाबा, मला माहीत होतं," मुलगी म्हणाली.

बापाने पिशवी खाली ठेवली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि दोन्ही तळव्यांनी तोंड चोळलं. ताई उठायला लागल्या.

"दुसरं कुठलं आणलंय?" मुलीने विचारलं.

ताईंनी पिशवीतून जुनं पुस्तक काढलं. "एक कुटुंब घर बदलतं आणि त्यात मांजर हरवतं. सापडतं."

"हे वाचलंय?"

"माझ्या मुलाला लहानपणी झोपवताना रोज. पाठ झालंय."

"शेवटची ओळ सांगा."

"'आणि मांजराने नव्या घराकडे बघितलं, नाक मुरडलं, आणि खिडकीत जाऊन झोपलं.'"

मुलीने शेवटचं पान काढून बोट ठेवून ताडून पाहिलं. मग मांजराचं पुस्तक मांडीवर ठेवलं, पिवळं उचललं, बोट होतं त्या पानाचा कोपरा नीट दुमडला आणि ताईंना दिलं.

"आता हे विकता येणार नाही तुम्हाला."

"नाही विकणार."

"तिला गाडीने नेल्यावरही एवढी पानं आहेत ना? बघा किती जाड आहे. मामा सांगतो ते अगदी शेवटी असेल. मग मधे काय आहे?"

"मला माहीत नाही."

"मग वाचून या. उद्या. मी इथेच असणार."

"आठला आत नेणार आहेत," बाप जमिनीकडे बघत म्हणाला. "किती वेळ लागेल ते काही सांगत नाहीत."

"याल?" मुलीने विचारलं.

सकाळचेच दोन शब्द ताईंच्या जिभेवर आले. त्यांनी ते गिळले. "सातला या बाकावर असेन," त्या म्हणाल्या. "पुस्तक घेऊन."

"वाचून?"

ताईंनी पुस्तक पिशवीत ठेवलं. बापाने वर बघितलं. जा म्हणाला नाही, थांबा म्हणाला नाही.

संध्याकाळच्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. त्यांनी पुस्तक काढलं आणि दुमडलेल्या कोपऱ्याशी उघडलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, ही त्या पानाची शेवटची ओळ. ताईंनी ती वाचली. पुन्हा वाचली. पुस्तक मिटलं, मांडीवर धरून बसल्या, उघडलं. शेजारची बाई दोन थांब्यांपूर्वी बसली होती. ती वाकून बघत म्हणाली, "अवघड आहे वाटतं?"

"मुलांचं आहे," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी पान उलटलं. ते पान संपलं आणि कंडक्टर पुढून ओरडला, तेव्हा बस रिकामी होती. डेपोच्या दिव्याखाली नवरा हाताचं ग्रीस पुसत त्यांची वाट बघत उभा होता. त्याने पुस्तकाकडे पाहिलं, आत घातलेल्या बोटाकडे पाहिलं.

"पुढे सरकलीस?"

"एक पान."

त्याने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि पुढे चालायला लागला.

दुमडलेल्या कोपऱ्यापुढची बाकीची पानं त्यांच्या हातात होती. उद्या डेपोतून हॉस्पिटलाकडे जाणारी पहिली बस सकाळी सहा दहाला सुटते आणि सात वाजायच्या आत फाटकासमोर पोचते.